कधीच न आलेलं भाडं

जून-जुलै आला की नोकरदार घरमालकाच्या कपाटातली फाईल टेबलावर येते. फॉर्म 16, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या. कागद रटाळ खरे, पण ते ज्या कल्पनेवर उभे आहेत ती भलतीच धाडसी आहे. घराने वर्षभरात किती कमावलं, एवढं विचारून प्राप्तिकर कायदा थांबत नाही. ते किती कमावू शकलं असतं, हेही तो विचारतो. पुण्यात फ्लॅट, ठाण्यात फ्लॅट आणि नागपुरात तिसरा, तिन्ही स्वतःसाठी ठेवलेले. तर त्यांतल्या कोणत्याही दोन घरांचं भाडं कायदा शून्य धरतो. तिसरं कुलूपबंद असलं तरी ते भाड्याने दिलंय असंच समजतो आणि कधीच न आलेल्या त्या भाड्यावर कर मागतो!

गृहकर्जाची सवलतही याच कल्पनेतून निघते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. राहत्या घराचं भाडं शून्य, पण बँकेचं व्याज खरं. शून्यातून व्याज वजा केलं की कागदोपत्री ‘घरापासूनचा तोटा’ उरतो. जुन्या करप्रणालीत हा तोटा वर्षाला 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. म्हणजे ज्या घरात आपण सुखाने राहतो, ते सरकारदरबारी तोट्यातला धंदा!

व्याजाच्या प्रमाणपत्रावरचे आकडे एकदा नीट बघा. 40 लाखांचं कर्ज, 20 वर्षं मुदत, साडेआठ टक्के दर धरला तर हप्ता साधारण 34,700 रुपये बसतो. पहिल्या वर्षी भरलेल्या जवळपास 4 लाख 17 हजारांत मुद्दल जेमतेम 80 हजार. उरलेले 3 लाख 37 हजार निव्वळ व्याज. एकट्या मालकाचं 2 लाखांच्या वरचं व्याज वाया जातं. नवरा-बायको दोघं सहमालक आणि सहकर्जदार असतील, व्याजही निम्मं-निम्मं भरत असतील, तर प्रत्येकी सुमारे 1 लाख 68 हजार येतात आणि सगळंच व्याज मर्यादेत बसतं. ताबा मिळण्याआधीच्या वर्षांत भरलेलं व्याजही बुडत नाही. घर पुरं झालं त्या वर्षापासून ते पाच समान भागांत, त्याच 2 लाखांच्या आत, मागता येतं. तेव्हा ती जुनी प्रमाणपत्रं रद्दीत घालू नयेत.

नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट मिळत नाही. आणि काही सांगितलं नाही तर कायदा नवीच प्रणाली धरून चालतो. जुनी हवी असेल, तर पगारदाराने मुदतीत विवरणपत्र भरून ती निवडायला हवी. दोन्हींचा हिशेब मांडून बघण्याला पर्याय नाही.

घर खरोखर भाड्याने दिलेलं असेल तर आणखी मौज. महिना 25,000 म्हणजे वर्षाला 3 लाख. भरलेली घरपट्टी 15,000 वजा. उरलेल्या 2 लाख 85 हजारांतून दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के, म्हणजे 85,500 रुपये, कायदा आपणहून सोडतो. तुम्ही भिंतीत खिळा ठोकला की सगळं घर रंगवलं, याची चौकशी नाही. सोसायटीचा मेंटेनन्सही वेगळा मागता येत नाही. घरपट्टीच्या बाबतीत मात्र हाच कायदा काटेकोर होतो. बिल कुठल्याही वर्षाचं असो, पैसे ज्या आर्थिक वर्षात भरले त्याच वर्षी वजावट, तीही मालकाने स्वतः भरले असतील तरच. 28 मार्चची पावती आणि 5 एप्रिलची पावती यांत आठच दिवसांचं अंतर, पण हिशेबात पूर्ण वर्षाचं.

या कल्पनेच्या तावडीतून बिल्डरही सुटत नाही. इमारत पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला ते आर्थिक वर्ष संपल्यावर न विकलेल्या फ्लॅटांना दोन वर्षांची मोकळीक असते. त्यानंतर, आत कुणी कधी पाऊल ठेवलेलं नसलं तरी, त्यांचंही भाडं सुरू झाल्याचं धरलं जातं.