आधी खरवडून पाहा, मग थेंब

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, अकँथअमीबा या एकपेशीय जीवाचा संसर्ग झाला की उपचार महिनोन् महिने चालतात, आणि तरीही कधी कधी डोळ्यात फूल पडून नजर जाते. दोष औषधांना दिला जातो. माझ्या मते औषध पुरेसे आहे; घोडे अडते ते निदानापाशी. आपल्याकडे तर हा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा रोग, अशी समजूत असल्याने संशयच उशिरा येतो. पाश्चात्त्य देशांत ती समजूत खरीच आहे. 1980च्या दशकात अमेरिकेत घरी बनवलेल्या मिठाच्या पाण्यात लेन्स ठेवणाऱ्यांना हा संसर्ग झाला, आणि 2007 मध्ये तिथे लेन्स धुण्याचे एक द्रावण याच कारणाने बाजारातून परत घेतले गेले. भारतात मात्र बहुतेक रुग्णांनी लेन्स कधी डोळ्यांत घातलेलीच नसते. त्यांच्या डोळ्यात कुसळ जाते, माती उडते, किंवा ओढ्या-विहिरीचे गढूळ पाणी जाते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या तज्ज्ञांनी 2000 मध्ये अशा 39 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

उशीर इतका महाग का पडतो, याचे उत्तर अमीबाच्या जीवनक्रमात आहे. खात-फिरत असलेला अमीबा औषधाने तसा सहज मरतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती सेल्युलोज असलेले दुहेरी कवच तयार करतो आणि आत निपचित पडून राहतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्याला पुरे पडत नाही; जिवाणूंवरची नेहमीची प्रतिजैविके तर अमीबासाठी नसतातच. 1985 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी प्रोपामिडीनच्या थेंबांनी हा संसर्ग बरा केल्याचे प्रथमच नोंदवले. पुढे 1990च्या दशकात पीएचएमबी आले. हे मुळात पोहण्याच्या तलावाचे जंतुनाशक, पण 0.02 टक्के इतके सौम्य केल्यावर डोळ्याला सोसते आणि कवचातल्या अमीबालाही मारते. गुळण्यांच्या औषधातले क्लोरहेक्झिडीनही त्याच प्रमाणात वापरतात. पहिले दोन दिवस तासातासाला, रात्रीसुद्धा, थेंब घालायचे. मग काही आठवडे फक्त दिवसा. त्यानंतर हळूहळू कमी करायचे. संसर्ग पारपटलाच्या वरच्या थरात असतानाच हे सुरू झाले तर डोळा वाचण्याची शक्यता खूपच जास्त असते. खोल थरांत दडलेल्या कवचांपर्यंत औषध पोचवणे फार अवघड.

मग अधिक तीव्र औषध का देऊ नये? युरोपात नेमके हेच तपासले गेले. 0.08 टक्के पीएचएमबी एकटे आणि 0.02 टक्के पीएचएमबीसोबत प्रोपामिडीन, अशी तुलना करणाऱ्या चाचणीत दोन्ही गटांत जवळपास 85 टक्के रुग्ण औषधानेच बरे झाले. 2024 मध्ये तीव्र औषधाला तिथे मंजुरीही मिळाली, आणि एकाच बाटलीची सोय रुग्णासाठी मोठीच आहे. पण निकालात फारसा फरक पडला नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. दोन्ही गटांत समान होते ते काटेकोर वेळापत्रक.

दुसरा आक्षेप स्टेरॉइडचा. वेदना असह्य असतात, डोळा लालबुंद असतो, आणि स्टेरॉइडने दोन दिवसांत आराम वाटतो. सुरुवातीला हा रोग हर्पीस विषाणूच्या संसर्गासारखा दिसत असल्याने डॉक्टरही फसतात. निदानाआधी स्टेरॉइड मिळालेल्या रुग्णांचे निकाल वाईट लागतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. अमीबाविरोधी उपचार काही आठवडे चालल्यावर, तज्ज्ञाच्या नजरेखाली स्टेरॉइड द्यावे लागते, तो भाग वेगळा. दुकानदाराने काउंटरवरून दिलेली बाटली मात्र घातकच.

राहता राहिला व्यवहाराचा मुद्दा. पारपटलाच्या जखमांत अमीबा सापडतो तो शंभरात एखाद-दुसऱ्याच रुग्णात. मग प्रत्येकाची जखम खरवडून का तपासायची? कारण तीच खरवड बुरशीही दाखवते, आणि शेतीच्या जखमांत बुरशी कितीतरी जास्त आढळते. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बुरशीचे धागे आणि अमीबाची कवचे दोन्ही ओळखता येतात. त्यासाठी सराव लागतो, महाग यंत्र नाही. ई. कोलाय जिवाणू पसरलेल्या आगरवर अमीबा वाढवून खात्री करणे हे मोठ्या प्रयोगशाळेचे काम. तिथे नमुना पाठवता येतो. निदान उशिरा झाले तर पारपटलाचे रोपण करून भागेल, असेही नाही: संसर्ग जिवंत असताना बसवलेल्या नव्या पडद्यातही अमीबा शिरू शकतो, म्हणून डोळ्याला भोक पडण्याची वेळ आली नसेल तर शल्यचिकित्सक डोळा शांत होईपर्यंत थांबतात.