आजीची किल्ली, नातवाची चाबी

झाशीतल्या जुन्या मराठी घरात आजी कपाटाची ‘किल्ली’ शोधत असते आणि शाळेतून आलेला नातू म्हणतो, “आजी, चाबी फ्रिजवर आहे.” आजी खट्टू होते. नातवाची मराठी सुटत चालली, असे तिला वाटते. पण पुण्या-मुंबईच्या घरांतही ‘चावी’ रुळलेली आहेच. मग हा शब्द आहे तरी कुणाचा?

त्याचे माहेर प्राचीन रोमचे. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाविस’ म्हणत. पुढे लॅटिनच्या लेकींनी त्याला आपापले वळण दिले. सुरुवातीच्या ‘क्ल’चा स्पॅनिशमध्ये ‘ल्य’ झाला, पोर्तुगीजमध्ये ‘च’. म्हणून स्पॅनिश ‘ल्यावे’ आणि पोर्तुगीज ‘चावे’. पावसाच्या ‘प्लुविया’चेही असेच झाले: तिकडे ‘ल्युविया’, इकडे ‘चुवा’.

गंमत म्हणजे आज लिस्बनमध्ये या शब्दाचा उच्चार ‘श’ने सुरू होतो. परंतु 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले, तेव्हाचा त्यांचा ‘च’ आपल्या ‘चावी’ने जपून ठेवला आहे! बंगाली आणि हिंदीत तिचीच ‘चाबी’ झाली.

झाशीच्या मराठी वस्तीचा इतिहासही पोर्तुगीजांपासून फार दूर नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून वसई जिंकली. 1742 मध्ये पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारोशंकर झाशीत आले आणि त्यांच्या काळात तिथे मराठी कुटुंबे स्थिरावली. याच नारोशंकरांनी 1747 मध्ये नाशिकला गोदाकाठी बांधलेल्या मंदिरावर वसईच्या विजयाची आठवण देणारी पोर्तुगीज घंटा आहे. खणखणीत आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ते तिच्यावरूनच.

‘क्लाविस’चे गोत मोठे आहे. गळ्याखालच्या हाडाला डॉक्टर ‘क्लॅव्हिकल’ म्हणतात, म्हणजे छोटी किल्ली. 2025 च्या मे महिन्यात ज्या ‘कॉन्क्लेव्ह’मध्ये नव्या पोपची निवड झाली, त्या शब्दाचा मूळ अर्थ किल्लीने बंद होणारी खोली.

आणि आजीची ‘किल्ली’? ती संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटीच्या कुळातली. तीही जपायलाच हवी. मात्र ‘चाबी’ म्हटल्याबद्दल नातवाला रागावून ती टिकणार नाही. परका शब्द घरात आल्याने भाषा मरत नाही. घरात तिच्यातून बोलणेच थांबले, की ती मरते. तेव्हा आजीने नातवाला जवळ बसवून दोन्ही शब्दांची ही गोष्ट सांगावी, आणि तीही मराठीतच.