रक्त कुणाचे, कुणाला?

घरातल्या माणसाला रक्त द्यायची वेळ आली, की एक वाक्य हमखास कानांवर येते : “माझं काढा डॉक्टर, मी सख्खा भाऊ आहे.” भावाची माया खरीच. पण रक्त नाते पाहत नाही, जात पाहत नाही. ते गट पाहते. हा गट म्हणजे काय, ते आज समजावून घेऊ.

रक्तात असंख्य तांबड्या पेशी असतात. गुरे ओळखू यावीत म्हणून आपण त्यांना डाग देतो ना, तशा या पेशींवरही जन्मजात खुणा असतात. कुणाच्या पेशींवर ‘ए’ ही खूण, कुणाच्या ‘बी’, कुणाच्या दोन्ही. तो ‘एबी’ गट. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत, तो ‘ओ’. आता, जी खूण आपल्याजवळ नाही, तिला विरोध करणारे द्रव्य आपल्या रक्तात असते. म्हणून ‘ए’ गटाच्या माणसाला चुकून ‘बी’ गटाचे रक्त दिले, तर त्या नव्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडांना इजा होते आणि प्राणावर बेतते. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे गट दाखवून दिले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आईचा गट ‘ए’ आणि बापाचा ‘बी’ असेल, तर मूल चारांपैकी कोणत्याही गटाचे निघू शकते. तेव्हा सख्ख्या आईचे रक्तही लेकराला चालेलच असे नाही. याखेरीज ‘आरएच’ नावाची आणखी एक खूण आहे. ती नसलेल्या, म्हणजे निगेटिव्ह, बाईच्या पोटी पॉझिटिव्ह मूल वाढत असेल, तर पुढच्या बाळंतपणात बाळाला धोका संभवतो. वेळेवर इंजेक्शन घेतले, तर तो बहुधा टळतो. म्हणून गरोदरपणातच गट तपासून घ्यावा.

‘ओ’ निगेटिव्ह रक्त अडीअडचणीला कुणालाही चालते, असे आपण ऐकतो. पण १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसे आढळली, की ज्यांचे रक्त तपासणीत ‘ओ’सारखे दिसे, परंतु त्यांना ‘ओ’सुद्धा जुळेना! ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. या गटाला जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणतात. अशा माणसाला त्याच गटाचे रक्त लागते. यातून धडा हा, की नुसता गट कळून भागत नाही. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे रक्त एकत्र करून जुळते की नाही, ते पाहावेच लागते.

या तपासणीला वेळ लागतो. शिवाय कावीळ, एड्स, हिवताप यांसाठीही रक्त पारखावे लागते. मळणीयंत्रात हात सापडलेला शेतकरी किंवा रक्तस्राव होणारी बाळंतीण तितका वेळ थांबू शकत नाही. त्यांना वाचवते ते आधीच कुणीतरी देऊन ठेवलेले रक्त. अन् ते फार दिवस साठवताही येत नाही : तांबड्या पेशी साधारण सहा आठवडे टिकतात, बिंबाणू जेमतेम पाच दिवस.

“रक्त दिले तर अशक्तपणा येईल,” अशी भीती पुष्कळांना वाटते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. घेतात ते ३५० किंवा ४५० मिलिलिटर. उपसलेल्या विहिरीला झऱ्यांनी पुन्हा पाणी यावे, तसा रक्तातला द्रव एकदोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांनी ९० दिवसांनी आणि स्त्रियांनी १२० दिवसांनी पुन्हा द्यावे, असा नियम आहे. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा असावे. उपाशीपोटी मात्र जाऊ नये.

गुरुजी, आपल्या वर्गात हा विषय जरूर काढा. मुले घरी जाऊन विचारतील, “बाबा, तुमचा गट कोणता?” आणि वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी आहे का? नसेल, तर पुढच्या शिबिराला जा. गट कळेल, आणि आपण दिलेली बाटली कुणा अनोळखी घरचा दिवा विझू देणार नाही.