वितरित डेटाबेसमधील प्रतीक्षामर्यादेचे निर्धारण

परस्परांपासून दूर असलेल्या अनेक यंत्रांनी मिळून एकच डेटाबेस सांभाळावयाचा, ही व्यवस्था आता सर्वत्र रूढ झाली आहे. अशा व्यवस्थेत एका यंत्राने दुसऱ्यास संदेश पाठविला आणि उत्तर आले नाही, तर पहिल्याने काय समजावे? दुसरे यंत्र बंद पडले असेल. मधला दुवा तुटला असेल. संदेश पोहोचून काम पुरेही झाले असेल, परंतु उत्तर वाटेत हरवले असेल. किंवा ते यंत्र कामाच्या ओझ्याखाली केवळ मंदावले असेल. पहिल्या यंत्रास या चारही अवस्था सर्वस्वी सारख्याच दिसतात. त्याच्यापाशी पुरावा एकच, तो म्हणजे मौन. या मौनाची किती वेळ वाट पाहावयाची आणि त्यानंतर ते मृत्यूचे लक्षण मानून पुढील कारवाई केव्हा करावयाची, हे ठरविणारा जो आकडा, त्यास व्यवहारात टाइमआउट म्हणतात. येथे त्यासाठी प्रतीक्षामर्यादा हा शब्द योजला आहे.

हा आकडा म्हणजे व्यवस्थापकाने एकदा भरून ठेवावयाची किरकोळ बाब, अशी समजूत पुष्कळदा आढळते. वास्तविक तिच्या मुळाशी एक सैद्धांतिक अडचण आहे. संदेशास लागणाऱ्या काळाला कोणतीही निश्चित वरची मर्यादा नसेल, तर एकच यंत्र बंद पडण्याचा संभव असला तरीही, यदृच्छेचा आश्रय न घेता सर्व यंत्रांचे एकमत खात्रीने घडवून आणणारी रीती असू शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली सिद्ध केले. पुढे चंद्रा आणि टूएग यांनी १९९६ साली दाखविले की, यंत्र जिवंत आहे की मृत हे सांगणारा शोधक वारंवार चुकला तरी चालते. बहुसंख्य यंत्रे शाबूत असली आणि निदान एका शाबूत यंत्राविषयी तो पुढे केव्हातरी कायमचा चुकेनासा झाला, म्हणजे एकमत साधता येते. प्रतीक्षामर्यादा हा असाच चुकणारा शोधक होय. म्हणून ती कधीच चुकू नये, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ती चुकली असता काय बिघडते आणि ते बिघडू नये म्हणून दुसरी कोणती तजवीज आहे, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचे गांभीर्य गिटहब या संस्थेच्या अनुभवावरून चांगले ध्यानात येते. या संस्थेने आपल्या अपघाताचा वृत्तांत स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केला, ही अभ्यासकांच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी नेटवर्कमधील प्रकाशीय उपकरण बदलण्याचे नित्याचे काम चालू असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य डेटासेंटर आणि तेथील नेटवर्क केंद्र यांच्यामधील संपर्क तुटला. तो ४३ सेकंदांत पूर्ववत झाला. परंतु तेवढ्या अवधीत, डेटाबेसचे प्रमुख यंत्र कोणते हे ठरविणाऱ्या यंत्रणेच्या उरलेल्या घटकांनी बहुमत जमविले आणि लेखनाचा अधिकार पश्चिम किनाऱ्यावरील यंत्रांकडे सोपविला. इकडे पूर्वेच्या यंत्रांनी स्वीकारलेली शेवटची काही लेखने पश्चिमेस पोहोचलेलीच नव्हती. तिकडे संपर्क जुळताच पश्चिमेस नवी लेखने सुरू झाली. दोन्ही किनाऱ्यांवर दुसऱ्यापाशी नसलेला मजकूर साचला, आणि कोणतीही एक बाजू सरसकट टाकून देता येईना. एका अत्यंत वर्दळीच्या डेटाबेससमूहात अशी ९५४ लेखने अडकली होती. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

प्रतीक्षामर्यादा एक मिनिटाहून अधिक असती तर हे सारे टळले असते, असा निष्कर्ष येथे सहज काढला जाईल. त्यात तथ्य आहे; त्या परिस्थितीत मुख्यतः पाऊण मिनिटाच्या खोळंब्यावर निभावले असते. तथापि पूर्वेकडील यंत्रे खरोखरच नष्ट झाली असती, तर हीच मर्यादा निष्कारण दिरंगाई ठरली असती. शिवाय दोष केवळ आकड्यात नव्हता. दूरच्या किनाऱ्यावरील यंत्राकडे अधिकार सोपविणे हे जवळच्या यंत्राकडे सोपविण्याहून फार महाग पडते, कारण पूर्वेकडील कार्यक्रमांस प्रत्येक लेखनासाठी सारा खंड ओलांडावा लागतो. ज्या निर्णयाची किंमत एवढी मोठी आणि जो मागे घेणे एवढे कठीण, त्यास अधिक पुरावा लागावा हे रास्तच होय. त्या संस्थेनेही नंतर एका विभागाचा अधिकार आपोआप दुसऱ्या विभागाकडे जाऊ नये अशी व्यवस्था केली.

मर्यादा फार आखूड ठेवल्यास काय होते, याचे उत्तर प्रयोगानेही मिळाले आहे. ओंगारो आणि ऑस्टरहाउट यांनी २०१४ साली राफ्ट ही एकमताची रीती प्रसिद्ध केली. तीत प्रमुख यंत्र ठरावीक अंतराने इतरांस स्पंदन-संदेश पाठविते. तो नियत काळात न आल्यास एखादे यंत्र नव्या निवडणुकीस उभे राहते. पाच यंत्रांच्या त्यांच्या प्रयोगात एक संदेश सर्वांस पोहोचविण्यास सुमारे १५ मिलिसेकंद लागत. सर्व यंत्रांची प्रतीक्षामर्यादा एकसारखी ठेवली, तेव्हा ती एकाच क्षणी उमेदवार होऊन मते विभागली गेली आणि निवडणूक १० सेकंदांहूनही लांबली. मर्यादेत केवळ ५ मिलिसेकंदांची यदृच्छा मिसळताच खोळंब्याचा मध्यक २८७ मिलिसेकंदांवर आला. मर्यादा १२ ते २४ मिलिसेकंद केली असता नवा प्रमुख सरासरी ३५ मिलिसेकंदांत निवडला गेला. मात्र त्याहून खाली उतरल्यास प्रमुखाचे स्पंदन पोहोचण्यापूर्वीच इतर यंत्रे नवी निवडणूक पुकारू लागतात. म्हणून कर्त्यांनी १५० ते ३०० मिलिसेकंदांची सावध शिफारस केली. हा आकडा त्यांच्या नेटवर्कसाठी होता, हे विसरून तो जसाच्या तसा उचलला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांतील अंतर सुमारे ४००० किलोमीटर धरले, तर काचतंतूतून सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर या वेगाने जाणाऱ्या प्रकाशासही जाऊन येण्यास ४० मिलिसेकंद लागतात. ही मुदत कोणत्याही सुधारणेने कमी होणारी नाही. एटसीडी या डेटाबेसमध्ये मूळ स्पंदन १०० मिलिसेकंदांचे आणि निवडणुकीची मर्यादा १००० मिलिसेकंदांची असते. परंतु ही मर्यादा यंत्रांमधील फेरीच्या काळाच्या निदान दहापट असावी, असे तिच्या मार्गदर्शिकेतच सांगितले आहे.

फेरीचा काळ मोजावयाचा म्हणजे केवळ त्याची सरासरी काढावयाची नव्हे. जेकबसन यांनी १९८८ साली इंटरनेटवरील संदेशवहनासाठी जी रीत मांडली, तिचे मर्म हेच आहे. फेरीच्या काळाची चालती सरासरी आणि त्या सरासरीपासूनचे चालते विचलन अशा दोन राशी सतत अद्ययावत ठेवावयाच्या, आणि सरासरीत विचलनाची चौपट मिळवून मर्यादा काढावयाची. समजा, दोन नेटवर्कची सरासरी ६० मिलिसेकंदच आहे; परंतु एकाचे विचलन ५ आणि दुसऱ्याचे ४० मिलिसेकंद आहे. पहिल्याची मर्यादा ८० येईल, दुसऱ्याची २२०. डेटाबेसच्या बाबतीत या विचलनात नेटवर्काखेरीज इतरही विलंब मिसळलेले असतात. डिस्कवर लेखन कायम होण्यास लागणारा वेळ, स्मृतीची सफाई करताना सारा कार्यक्रम काही क्षण थबकणे, एकाच यंत्रावरील शेजारी कार्यक्रमांची गर्दी, ही त्यांपैकी काही होत. शांत वेळी केलेल्या मोजणीत यांतील काहीच उमटत नाही. मोजणी गर्दीच्या वेळेचीच घेतली पाहिजे.

जिवंत की मृत असा द्विधा निवाडा न करता संशयाची मात्रा सांगणारी एक रीत हायाशिबारा आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली सुचविली. पूर्वीची स्पंदने किती अंतराने येत गेली यावरून, आताएवढे मौन निरोगी यंत्राकडून घडण्याची संभाव्यता काढावयाची आणि तिचा ऋण लघुगणक म्हणजे फाय. कॅसँड्रा डेटाबेसमध्ये हा उंबरठा मुळात ८ असतो, म्हणजे गृहीत धरलेले वितरण बरोबर असेल तर चुकीची संभाव्यता दहा कोटींत एक. हा ‘तर’ फार महत्त्वाचा आहे. नेटवर्कमधील विलंब गटागटाने येतात आणि गणितातील सुबक वितरणास जुमानत नाहीत.

खालच्या थरावर विसंबून राहणेही धोक्याचे ठरते. लिनक्समध्ये पोच न मिळालेला मजकूर पुनःपुन्हा पाठवीत राहून जोडणी सोडून देण्यास मूळ मांडणीनुसार सुमारे १५ मिनिटे लागतात. निष्क्रिय जोडणीची चौकशी, ती मागितली असली तरी, दोन तासांनंतर सुरू होते. म्हणून डेटाबेसने स्वतःची मर्यादा लावणे भागच आहे. ती लावताना थरांचा क्रम पाळावा लागतो. वरचा थर २ सेकंदांत निराश होत असेल आणि खालचा ५ सेकंद काम करीत राहत असेल, तर मधले ३ सेकंद कोणासही नको असलेल्या उत्तरासाठी खर्च होतात. वरच्या थराने तेवढ्यात पुन्हा विचारणा केलेली असते ती वेगळीच. तीन थरांपैकी प्रत्येकाने तीनदा प्रयत्न करावयाचे ठरविले, तर एका विनंतीच्या २७ विनंत्या होऊन आधीच थकलेल्या यंत्रावर कोसळतात.

राफ्टसारख्या रीतीत मर्यादा चुकली तरी मजकूर बिघडत नाही, केवळ काम खोळंबते. प्रत्येक प्रमुखास कार्यकालाचा क्रमांक असतो आणि जुन्या क्रमांकाच्या प्रमुखाचा हुकूम बहुमत मानीत नाही. परंतु ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ साली मांडलेल्या लीज या मुदतबंद अधिकाराची गोष्ट निराळी आहे. तेथे मुदत संपेपर्यंत अधिकार एकाचाच, अशी हमी घड्याळावर सोपविलेली असते. गूगलच्या स्पॅनर डेटाबेसविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही मुदत मूळ १० सेकंदांची सांगितली आहे, आणि दोन प्रमुखांच्या मुदती एकमेकींवर येऊ नयेत म्हणून घड्याळातील अनिश्चिततेचाही हिशेब ठेवला आहे. असा हिशेब नसलेल्या साध्या व्यवस्थेत अधिकारधारक यंत्र ‘अद्याप २ सेकंद शिल्लक आहेत’ असे पाहते, तेवढ्यात ५ सेकंद थबकते, आणि जागे होताच काहीच घडले नाही अशा समजुतीने लेखन पाठविते. येथे मुदत वाढवून किंवा घटवून उपयोग होत नाही. प्रत्येक नव्या अधिकारास चढता क्रमांक द्यावा लागतो, आणि साठवणूक करणाऱ्या यंत्राने १२व्या क्रमांकाचे लेखन एकदा पाहिले की ११व्या क्रमांकाचे लेखन नाकारावे लागते. उशिरा जागे झालेल्या यंत्रास आपली मुदत संपल्याचे त्या नकारावरूनच कळते.