थंडीची बेगमी

अमळनेरचें जुनें घर मुळांत थंडीसाठीं बांधलेलें नसतें. वैशाखाच्या उन्हाला तोंड देण्यासाठीं जाड मातीच्या भिंती, वर धाबें आणि मध्यें मोकळा चौक अशी खानदेशांतील घरांची रचना झाली. म्हणूनच सातपुड्याकडून उत्तरेचा वारा सुटून पौषांत पारा १० अंशांखालीं उतरला, कीं हेंच घर आपल्याला परकें वाटूं लागतें. वास्तविक त्याला ऊब आणावयास फारसा खर्च लागत नाहीं. वेळीच थोडी दक्षता मात्र हवी.

पहिली गोष्ट वारा अडविण्याची. रावेर-यावलकडील केळीचा बागाईतदार थंडीपूर्वीं बागेभोवतीं वाऱ्याला आडोसा करतो. गृहिणीनेंही तेंच करावें. उत्तरेकडील दारां-खिडक्यांच्या फटी कापडाच्या पट्ट्यांनीं बुजवाव्या, उंबऱ्याशीं जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवावी आणि चौकाकडील दारावर जाड पडदा सोडावा.

दुसरी गोष्ट ऊन सांठविण्याची. डिसेंबरअखेर मध्यान्हींचा सूर्य आपल्याकडे दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारें ४५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, जवळजवळ तितक्या अंतरापर्यंत ऊन खोलींत पोंचतें. ती खिडकी दुपारीं उघडी ठेवावी व ऊन कलतांच लावून घ्यावी. जाड भिंत सावकाश तापते, तशीच सावकाश निवते.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. मार्गशीर्षांतच गाद्यांचा कापूस पिंजून घ्यावा, गोधड्यांना ऊन द्यावें. ऊब कापसाच्या वजनांत नसून त्यांत अडकलेल्या हवेंत असते. दबलेल्या कापसांत ती हवा राहत नाहीं. फरशीवर निजणाऱ्यांनीं अंगाखालींही एक गोधडी अधिक घ्यावी.

आतां शेगडीविषयीं. एका पौषांत आमच्या वृद्ध आत्याबाई दारें घट्ट लावून, उशाशीं कोळशाची शेगडी ठेवून निजल्या. पहांटे हांका मारल्या, तरी उत्तर येईना. दार उघडून त्यांना चौकांत आणलें, तेव्हां कुठें त्यांनीं डोळे उघडले. डॉक्टरांनीं कारण सांगितलें: निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु बंद खोलींत सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि निजलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाहीं. बाळंतिणीच्या खोलींत तर हाच प्रकार वडीलधाऱ्यांच्या मायेनें घडतो, हें स्मरून आमचें काळीज आजही थरारतें.

म्हणून शेक द्यावयाचा तो जागेपणीं, खिडकी उघडी ठेवून द्यावा. निजण्यापूर्वीं शेगडी घराबाहेर न्यावी. वारा अडविला, ऊन सांठविलें आणि गोधड्या वाळविल्या, तर रात्रीं विस्तवावांचून अडत नाहीं, असा आमचा त्यानंतरच्या प्रत्येक हिंवाळ्याचा अनुभव आहे.