आबांचा डावा हात

वारा फिरला की तुर्भ्याच्या मसाला बाजारातला मिरचीचा खाट या खोलीपर्यंत येतो. खाटेवरचे आबा साताऱ्याकडचे, जुने माथाडी. बाजार मशीद बंदरला होता तेव्हापासून त्यांनी गोण्या वाहिल्या. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा चालतो आणि रात्री तोच सुती पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेला असतो. मोकळा राहिला, तर आबा नाकातली नळी उपसून काढतात.

रात्रीच्या मावशी तुर्भे स्टोअरहून येतात. आठ ते आठ, ब्युरोमार्फत. आबांना उशांनी टेकवून बसवायचं, आधीचं पोटात साठलेलं नाही ना, हे सिरिंजनं ओढून पाहायचं. मग फडक्यातून गाळलेली मुगाची पेज. सिरिंज उंच धरायची, दट्ट्या दाबायचा नाही, पेज आपली आपण उतरू द्यायची. शेवटी थोडं पाणी. लगेच आडवं केलं तर अन्न फुप्फुसात जायची भीती. दर दोन तासांनी कूस बदलायची. मध्येच पट्टी सोडून त्या मनगट चोळतात आणि पुन्हा बांधताना आत दोन बोटं सरकतात का ते बघतात. “आबा, नळीला हात नाही लावायचा हं.” आबा तोंड फिरवतात.

नळी उपसणं हा नुसता त्रास, की नकार? मुलगा म्हणतो, बापाला उपाशी ठेवू का? त्याला काय उत्तर देणार! पण रात्री दोन वाजता हात बांधायचा की सोडायचा, हे ठरवतात त्या घरात सगळ्यांत कमी विचारल्या जाणाऱ्या मावशी.

वाचा गेली म्हणून समज जातेच असं नाही. “चादर घालू?” मावशी विचारतात, आणि आबा त्यांचं बोट दाबतात. नळीबद्दल मात्र त्यांना कोणी असं विचारलेलं नाही. मला हे पट्टीपेक्षा वाईट वाटतं.

आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी मागतो. बांधलेल्या हाताचं काय, ते सांगत नाही. बरा न होणाऱ्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिली. २०२३ मध्ये पद्धतही सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. घरातलं म्हातारं माणूस बोलतंय तोवर त्याला विचारा, आणि ते सांगेल ते लिहून घ्या.