टेक्सासचा हेम्प बाजार: २०१९ ते २०२५

टेक्सासात हेम्पच्या खाद्यपदार्थांचा धंदा उभा राहिला तो दोन कायद्यांवर. डिसेंबर २०१८च्या केंद्रीय कृषी कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेलं पीक, म्हणजेच हेम्प, गांजाच्या व्याख्येतून वगळलं. जून २०१९मध्ये राज्याने ‘एचबी १३२५’ आणला आणि तीच मर्यादा तेलाला, खाऊला, पेयांनाही लागू झाली.

वाळलेल्या झाडासाठी ठरवलेलं हे माप दुकानात पोचल्यावर भलतंच ठरलं. पाच ग्रॅमच्या एका गमीत ०.३ टक्के म्हणजे १५ मिलिग्रॅम टीएचसी. नवख्या माणसाला एवढं भरपूर होतं. आणि गिऱ्हाइकाच्या वयाची अटच नव्हती. माझ्या मते साऱ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. शाळकरी पोराला परत पाठवणारा दुकानदार आणि त्याच्या हातात पाकीट देणारा, कायद्याच्या लेखी दोघे सारखेच. प्रामाणिकपणाला राज्याने काडीचंही संरक्षण दिलं नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने संकेतस्थळावर सूचना टाकली, डेल्टा-८ हा टीएचसीचा दुसरा प्रकार बेकायदा आहे. फळीवरचा माल अचानक गुन्ह्याचा झाला. ऑस्टिनच्या ‘होमटाउन हीरो’ने दावा लावून नोव्हेंबरात तात्पुरता मनाईहुकूम मिळवला, म्हणून विक्री चालू राहिली. पण गाळ्याचा करार, नोकरांचे पगार, नवी यंत्रं हे सगळं त्या एका हुकुमाच्या भरवशावर! २०२२मध्ये ओढण्याच्या हेम्पच्या उत्पादनावरची बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

२०२५मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांनी जोर लावला आणि टीएचसीवर सरसकट बंदी घालणारं ‘एसबी ३’ विधिमंडळात मंजूर झालं. २२ जूनला, नकाराधिकार वापरण्याची मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना, गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी ते नाकारलं. दारूसारखं नियमन करा, असं त्यांचं म्हणणं. विशेष अधिवेशनांतही तोडगा निघाला नाही. १ सप्टेंबरपासून हेम्पच्या व्हेपची विक्री थांबली. १० सप्टेंबरला गव्हर्नरांच्या आदेशाने २१ वर्षांची अट आली, म्हणजे सहा वर्षांनी.

दोनच महिन्यांत, १२ नोव्हेंबरला, केंद्राच्या खर्च विधेयकावर सही झाली. त्यात हेम्पची व्याख्याच बदलली होती: तयार मालाच्या एका डब्यात टीएचसी ०.४ मिलिग्रॅमहून जास्त नको, अंमल वर्षभराने. वय तपासून विकणाऱ्यालाही त्यातून सूट नव्हती.